माऊस कोणाच्या हातात?

आखाजी तोंडावर आली होती. धुळ्याहून मामांचा फोन आला. “अरे, नेट चालू आहे, पण बँकेचं उघडत नाही, पेन्शनचं उघडत नाही. वर ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ म्हणतो. भिंतीवरचं घड्याळ तर मी सकाळीच आकाशवाणीच्या बातम्यांना मिळवलंय. हाई काय व्हयनं?”

मामा निवृत्त शिक्षक, मुक्काम देवपूर. मुलगी पुण्यात, मुलगा त्याहून लांब. माझ्या गावी, जळगावला, पोहोचेपर्यंत ही तक्रार तीन ठिकाणांहून फिरून आली होती आणि तीन निकाल घेऊन आली होती. ओळखीचा दुकानदार म्हणाला, “ब्राउझर करप्ट झालाय, फॉर्मेट मारून देतो.” मुलगा म्हणाला, “नाना, एनीडेस्क टाका, मी इथून बघतो.” मुलगी म्हणाली, “तो डबा भंगारात द्या आता. सगळं मोबाइलवर होतं.” चौथा पर्याय माझ्याकडे होता. एरंडोल, पारोळा ओलांडत नव्वदेक किलोमीटर जायचं आणि शेजारी बसून बघायचं.

प्रश्न घरगुती आहे, पण एका घरापुरता नाही. खानदेशातली शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला गेली आणि मागे आईवडिलांच्या टेबलावर एकेक संगणक राहिला. तो बिघडला की दुरुस्ती कोणी करायची, कशी करायची, आणि कुठपर्यंत? चारही उत्तरांत तथ्य आहे. म्हणूनच ती एकेक करून तोलायला हवीत.

आधी दुकानदाराची बाजू. ‘फॉर्मेट’ हा शब्द ऐकून आपण नाक मुरडतो, पण त्याच्या काउंटरवर उभं राहून पाहावं. समोर दहा यंत्रांची रांग, प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत हवंय, आणि गिऱ्हाईक काही शे रुपयांवर घासाघीस करतंय. प्रत्येक यंत्रापाशी दोन तास बसून मूळ कारण शोधणं त्याला परवडत नाही. फॉर्मेट हा खात्रीचा मार्ग. यंत्रात खरोखरच व्हायरस शिरलेला असेल, तर जाणकारसुद्धा तेच सांगतील.

पण या खात्रीची किंमत घरमालक मोजतो. दुकानदार ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ची नक्कल ठेवतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि वर्षानुवर्षं जमवलेले बुकमार्क वेगळ्याच फोल्डरमध्ये असतात. ते त्याच्या ध्यानात येत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट फॉन्टची. मामांनी शाळेच्या इतिहासाची टिपणं श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. युनिकोडच्या आधीच्या अशा फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही. पानभर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फाइल जागेवर, पण अक्षरं गेलेली. ब्राउझर दुरुस्त करायला जावं आणि आयुष्यभराचं लिखाण गारगोटी होऊन परत यावं, हा व्यवहार महागच.

आता मुलाचा उपाय. दुरून संगणक हाताळण्याची सोय हे परगावी असलेल्या मुलांसाठी वरदान आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्रभराचा प्रवास करून यायचं ते काम दहा मिनिटांत होतं. नानांनाही बरं वाटतं. पडद्यावर बाण आपोआप हलतो, जणू मुलगा खोलीत आहे.

पण याच सोयीची दुसरी कड रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दाखवून दिली होती. एनीडेस्कसारखं अॅप डाउनलोड करायला लावून, त्यातला अंकी कोड विचारून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा बँकेने तेव्हा दिला. म्हणजे मुलगा जे मागतो, नेमकं तेच चोर मागतो. “नाना, खाली नऊ आकडे दिसतायत ते सांगा,” हे वाक्य आपणच त्यांच्या कानाला सवयीचं करून ठेवतो, आणि मग ‘कस्टमर केअर’वाल्याने तेच म्हटलं की त्यांनी ओळखावं कसं? काही मुलं तर पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून कायमचा पासवर्ड लावून ठेवतात. दार उघडं ठेवून गावाला जाण्यासारखंच ते. शिवाय दुरून केलेल्या दुरुस्तीत नानांना काहीच उमगत नाही. बाण नाचला, खिडक्या उघडल्या, मिटल्या, आणि “झालं.” पुढच्या वेळी पुन्हा फोन.

मुलीचं म्हणणं वरवर कठोर वाटतं, पण आकडे तिच्या बाजूने आहेत. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला संपवला आणि क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीनंतर त्या यंत्रांची साथ सोडली. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहा’ असं बजावणाऱ्या कित्येक सरकारी पानांना तेव्हा वालीच उरला नाही. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची वाढीव मुदत नोंदणी करून मिळते, पण मामांच्या यंत्रासारखी जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे आज ना उद्या निरोप घ्यावाच लागणार. तोवर हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा दाखवायची सोय मोबाइलवर आली आहे आणि पैशांचे व्यवहार तर मोबाइलवरच होतात.

तरीही ‘मोबाइलवर होतं’ आणि ‘मला मोबाइलवर जमतं’ यांत अंतर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मामांना मोठा पडदा लागतो. बोट एकीकडे ठेवलं की भलतंच उघडतं, याचा त्यांना राग येतो. शिवाय संगणक त्यांनी कष्टाने मिळवला आहे. वेतनवाढीसाठी एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मागितलं जायचं त्या काळात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते स्वतःच्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकले. त्यांच्या लेखी तो ‘डबा’ नाही.

उरला चौथा मार्ग, शेजारी बसण्याचा. माझा असल्यामुळे त्याच्याकडे जास्तच संशयाने पाहायला हवं. जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि असा दिवस प्रत्येकाकडे नसतो. दुसरं, ‘शिकवणं’ फार लवकर ‘खडसावणं’ होतं. “किती वेळा सांगितलं, तिथे क्लिक करू नका” हे वाक्य ज्याने पस्तीस वर्षं फळ्यापुढे काढली त्याला ऐकवणं म्हणजे उपकार करता करता अपमान करणं. आणि तिसरं, न शिकण्याचाही माणसाला हक्क आहे. आपण विहिरीवरची मोटर स्वतः उघडत नाही, वायरमनला बोलावतो. त्यात कमीपणा मानत नाही. सत्तरीतल्या माणसाने ब्राउझरची सेटिंग शिकलीच पाहिजेत, हा आग्रह कशासाठी?

या सगळ्याचं वजन करताना मला त्या दिवशी देवपुरात जे दिसलं ते मांडतो. मी मामांना म्हटलं, “तुम्हीच बसा खुर्चीवर, आणि पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा.” त्यांनी मथळा वाचला. मग खालची बारीक ओळ वाचली. तिथे संगणकाची स्वतःची तारीख दिली होती, ती कित्येक वर्षं मागची. मामा थांबले. “म्हणजे हे भिंतीवरच्या घड्याळाबद्दल नव्हतंच!”

ब्राउझर ठणठणीत होता. सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असतं. संगणकाचं पंचांगच मागे गेलं, की ब्राउझरच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. म्हणून तो दार लावून घेतो. आणि पंचांग मागे गेलं, कारण ज्याला सगळेच ‘सीपीयू’ म्हणतात त्या डब्यातला, बटणाएवढा सेल संपला होता. वीज नसताना वेळ सांभाळणं हे त्याचं काम. मामा शिस्तीचे, रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, आणि दिवसा वीज जाते ती वेगळीच. इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवायची सोय असते खरी, पण फरक फार मोठा झाला की ती गप्प बसते.

सेल पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळाला. फॉर्मेट मारलं असतं तर यंत्र कोरं झालं असतं, श्रीलिपी गेली असती, आणि घरी आणून बटण बंद केल्याबरोबर घड्याळ पुन्हा मागेच गेलं असतं.

या एका उदाहरणावरून चौथा मार्गच जिंकला असा निकाल देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मामांनी ती बारीक ओळ मुलाला फोनवर वाचून दाखवली असती तरी हेच निदान झालं असतं. दुकानदाराला कोणी वाचून दाखवली असती तर त्यालाही ते कळलं असतं. अडचण अंतराची नव्हती. यंत्र जे म्हणत होतं ते पूर्ण ऐकून घ्यायला कोणालाच सवड नव्हती. ‘करप्ट झालाय’, ‘मी बघतो’, ‘भंगारात द्या’ या तिन्ही उत्तरांत मामांना एका बाजूला व्हायला सांगितलेलं होतं.

तेव्हा माझ्या मते क्रम असा असावा. आधी यंत्राच्या मालकाने पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचावं, मदतनीसाने ऐकावं. मग जे स्वस्त आणि परत फिरवता येण्यासारखं, ते करून पाहावं. तारीख तपासावी, अनोळखी एक्स्टेन्शन बंद करावीत, भलत्याच सूचना पाठवणाऱ्या संकेतस्थळांची परवानगी काढावी. क्रोममध्ये सेटिंग मूळपदावर आणली तरी बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. उलट नुसता ब्राउझर काढून पुन्हा टाकल्याने बहुधा काही साधत नाही, कारण जुनी माहिती मागे तशीच राहते आणि दुखणंही तिच्याबरोबर. दुरून मदत घ्यायचीच तर फोन आईवडिलांनी लावलेला असावा, आलेला नव्हे. काम झालं की ते अॅप काढून टाकावं. आणि फसगत झालीच तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. फॉर्मेट सर्वांत शेवटी, तेही फॉन्ट आणि ब्राउझरची माहिती वेगळी काढून ठेवल्यावर. न विचारता काहीही पुसू नये, मग ते आपल्याला कितीही कचरा वाटो. ज्यांना शिकायचं नाही त्यांना शिकवू नये, पण काय केलं ते चार वाक्यांत सांगावं. वायरमनसुद्धा जाताना फ्यूज कुठला गेला होता ते सांगून जातो.

मुलीचा मुद्दा मात्र शिल्लक आहे आणि तो खोडता येणार नाही. नवा सेल जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवत नाही, फक्त त्याला आजची तारीख कळते. बँकेचे व्यवहार त्यावर फार काळ करू नयेत, हे मी मामांना सांगितलं. मामींनी वाढलेली शेवभाजी संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. हात धुऊन आल्यावर म्हणाले, “बँकेचं मोबाइलवर करतो. टिपणं मात्र इथेच पुरी करीन, मग बघू.” मग खडूने त्यांनी डब्याच्या पाठीवर सेल बदलल्याची तारीख लिहिली. फळ्यावर रोज लिहायचे, तशीच, उजव्या कोपऱ्यात.