सात नावांचा दगड

गिरणीचा भोंगा ज्या घरांनी ऐकला आहे, त्यांना ही हकिकत परकी वाटणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील साऊथ कॅरोलायना राज्यात हनिया पाथ नावाचे लहानसे गाव आहे. तेथे चिकोला ही कापड गिरणी होती. कामगारांची घरेसुद्धा गिरणीच्याच मालकीची. १९३४ साली गावचा महापौर आणि गिरणीचा सुपरिंटेंडेंट एकच माणूस होता, डॅन बीचम. मग दाद मागायची कोणाकडे?

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये देशातील सुमारे ४ लाख कापड कामगारांनी संप केला. पगार तुटपुंजा आणि एकेकाच्या माथी जादा माग! ६ सप्टेंबरला चिकोलाच्या दारात संपकऱ्यांवर गोळीबार झाला. ७ कामगारांचे प्राण गेले. कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. अंत्यविधीला हजारो माणसे लोटली. मात्र गोळ्या झाडणाऱ्या एकालाही शिक्षा झाली नाही.

संप मोडला. संपकऱ्यांचे काम गेले, डोक्यावरचे छप्परही गेले. उरलेल्यांनी तोंडाला कुलूप लावले. बाप मुलाला सांगेना, आई मुलीला सांगेना. बीचमचा नातू फ्रँक याच गावात वाढला, पुढे पत्रकार झाला. पण लहानपणी त्याच्याही कानावर यातले काही आले नव्हते. १९९५ साली या संपावर माहितीपट निघाला. म्हातारी माणसे बोलू लागली. त्याच वर्षी गावच्या बागेत सात नावांचा दगड उभा राहिला. तब्बल ६१ वर्षांनी!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या राज्यात १९१५ पासून कायदाच होता, की गिरणीच्या एका खोलीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी मिळून काम करायचे नाही. काळ्यांच्या वाट्याला झाडलोट आणि ओझी. मागावरचे काम त्यांना मिळू लागले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर. विणखात्याचे दार बंद असणे म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांनीही भोगले आहे.

२००३ साली चिकोला बंद पडली. दगड मात्र राहिला. पण बंधू-भगिनींनो, दगड आपोआप उभा राहत नाही. आधी कोणीतरी बोलावे लागते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा: कोणती गिरणी, कोणते खाते, कोणता संप? मुलांच्या वहीत ते लिहून ठेवा. दगड पुढे होईल, आधी वही तरी होऊ द्या.