भाचीला विषय सुचवू नका

मंडळी, आज थोडं कडू लिहितो आहे. मोठ्यांनी राग मानू नये. मानला तरी लिहिणारच.

माझी भाची भूगोलात एम.ए. झाली आणि यंदा पीएच.डी.ला लागली. बातमी कळली तशी घरोघरून तिच्याकडे विषय येऊ लागले. 'बालाघाटच्या विकासात मराठी माणसाचं योगदान' हा तर चार जणांनी सुचवला. एकानं 'वैनगंगा : एक भौगोलिक अध्ययन' म्हटलं. एक काका म्हणाले, आमच्या वाड्यावर लिही, फोटो मी देतो. पोरगी सगळ्यांना "हो काका, हो मावशी" म्हणत राहिली. माझं म्हणणं, यातलं एकही तिनं घेऊ नये.

काहून? कारण हे विषय आहेत, यात प्रश्नच नाही. 'योगदान' म्हटलं की उत्तर आधीच ठरलं, मोठं आहे म्हणून. पाच वर्षं पोरीनं राबायचं आणि शेवटी आपल्याला जे आधीच माहीत होतं तेच जिल्द बांधून आपल्याला द्यायचं. याला सत्कार समारंभ म्हणतात. विद्यापीठांतही हेच चालतं, जुन्या प्रबंधातलं जिल्ह्याचं नाव बदललं की नवा विषय तयार. पण त्यांच्यावर कशाला बोलू, आपलंच बघू.

एक आकडा घ्या. 2011 च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1021 बायका होत्या, अख्ख्या मध्य प्रदेशात सगळ्यात जास्त. आपण हे भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो, आमच्याकडे लेकींना मान आहे म्हणून. असेलही. पण भूगोलवाल्या पोरीनं विचारायला पाहिजे, की बायका जास्त आहेत, का पुरुष कमी आहेत? मोजणारा दारात आला तो फेब्रुवारीत. तेव्हा धानाची कापणी कधीच आटोपलेली असते आणि कितीतरी घरचे कमावते पुरुष नागपूरकडे कामाला गेलेले असतात. ते त्या मोजणीत आले का?

आता हे तपासता येतं. 0 ते 6 वर्षांची मुलं वेगळी काढायची. तिथेही मुलींचं प्रमाण राज्यापेक्षा चांगलं असेल, तर लेकींच्या मानाचा दावा उभा राहतो. फरक फक्त वीस ते चाळीसच्या वयात दिसला, तर बाहेरगावच्या मजुरीकडे बघावं लागेल. साठीच्या पुढे दिसला, तर म्हाताऱ्या बायका जास्त जगतात एवढंच. मग गावागावाचे आकडे घ्यायचे. वारासिवनीकडच्या धानाच्या पट्ट्यात जे आहे तेच बैहरच्या जंगलपट्ट्यात आहे का? नसेल तर काहून? बघा, एका आकड्यातून किती निघालं. आणि कोणतंही उत्तर आलं तरी ते आधी ठरलेलं नव्हतं.

"पण मग आपल्या लोकांचं काय?" असं एका मावशींनी विचारलं. आपल्यावरही प्रश्न निघतात की! 1 नोव्हेंबर 1956 ला राजधानी नागपूरची भोपाळ झाली. तोवर आपलं सगळं तोंड नागपूरकडे. कचेरीच्या नोकरीपायी इथे आलेली कोणती घरं परत गेली, कोणती राहिली? शेती होती ती राहिली का? सुना कुठून येत होत्या, नंतर कुठून येऊ लागल्या? छोटी लाइन जाऊन ब्रॉडगेज आल्यावर त्यात काही बदललं का? याचा पुरावा आपल्याच घरच्या पेट्यांमध्ये पडला आहे. जुन्या लग्नपत्रिका! गाव, तारीख, दोन्हीकडची घरं, सगळं छापलेलं. शंभर-दोनशे पत्रिका जमल्या तर पोरगी त्याचा नकाशा काढेल.

आणि पोवारी बोलणारे आपले शेजारी? जनगणनेत ही बोली हिंदीखाली मोजतात. तेच लोक पलीकडे गोंदियात मराठी शाळेत शिकतात. राज्याची सीमा घरातल्या बोलण्यात कुठवर शिरते, यावर एक अख्खा प्रबंध होईल.

खरी अडचण पुढेच आहे. 1951 ला मालगुजारी गेली. आपल्यातल्याही काही घरांची होती. कोणती जमीन नावावर राहिली, कोणती कुळांकडे गेली, आणि जी राहिली ती कशी राहिली, हे उद्या पोरीनं वही उघडून विचारलं तर? "बाळ, चहा घे" म्हणून वाटेला लावणार का? वाड्याचे फोटो द्यायला तयार असलेल्या काकांनी त्या वाड्याची जुनी कागदंही दाखवावीत. तिथे गोंड, मरार, पोवार कुळांची नावं निघतील. त्यांची नातवंडं आज याच शहरात आहेत, पोरगी त्यांच्याकडेही जाईल. तिनं त्यांच्याकडे जाऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी तसं तोंडावर सांगावं, 'योगदाना'च्या आड लपू नये.

भाची दिवाळीला येते आहे. पत्रिका शोधून ठेवा, 1956 च्या आधीच्या असतील तर त्या आधी काढा. झेरॉक्सचा खर्च माझा.