मेपल लीफ्स, सॅलरी कॅप आणि गाडीतलं पोस्टमॉर्टेम



आज जरा लांबलचक लिहिते आहे, चहा घेऊन बसा. विषय आइस हॉकीचा आहे. पण ज्यांच्या घरी हॉकी नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्याकडे हॉकीच्या जागी फुटबॉल, पोहणं, बुद्धिबळ, भरतनाट्यम असं काहीतरी असणारच.

आम्ही २०१३ च्या जानेवारीत मिसिसागाला आलो. माझ्यासाठी हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. बर्फावरची हॉकी मी पाहिलीच नव्हती. त्या मे महिन्यात एका मंगळवारी ऑफिसला गेले, तर सगळीकडे सुतक! आदल्या रात्री टोरंटो मेपल लीफ्स बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात तिसऱ्या पीरियडमध्ये ४-१ ने पुढे होते आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ ने हरले होते. पार्टनरपासून खालच्या सिक्युरिटी गार्डपर्यंत सगळे एकच बोलत होते: अमक्याला बसवायला हवं होतं, तमक्याला का नाही खेळवलं.

खरं सांगू? मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझे बाबा आयुष्यभर पद्माकर शिवलकरांना भारताकडून कसोटी का खेळवली नाही यावर भांडत आले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही, हे सांगताना त्यांचा आवाज आजही चढतो. नवरा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅचनंतर शाहू स्टेडियमबाहेर चहाच्या गाडीवर अकरा जणांची टीम नव्याने निवडण्यात त्याची तरुणपणाची निम्मी वर्षं गेली. म्हणजे संघनिवडीवर वाद घालणं आमच्या दोन्ही घरांत रक्तातच आहे. खेळ कुठला का असेना!

त्यामुळे पाचेक वर्षांत आम्ही पक्के लीफ्सवाले झालो. एका सामन्यात बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन आणि दोन गोली तयार होऊन उतरतात. फॉरवर्डच्या तीन-तीनच्या चार लाइन. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बेंचवर यायचं. पहिल्या लाइनवाल्याला वीस मिनिटं मिळतात, चौथ्या लाइनवाल्याला आठ-दहा. मग कोण कोणाबरोबर खेळणार, पॉवर प्लेला कोण उतरणार, कोणाला सूट-बूट घालून वर बसवणार, यावर रोज नवा वाद. मुलगा सात वर्षांचा असल्यापासून या वादात बाबाच्या बरोबरीने बोलतो. मराठीत बोलतो, हे विशेष! "बाबा, तो बॅकचेक करतच नाही," हे वाक्य कुठल्याही मराठी शाळेने त्याला शिकवलं नसतं. म्हणून मी म्हणते, हा वाद चांगला आहे. माझा विरोध वादाला नाही.

माझी गोची माझ्या पेशामुळे झाली. मी सीए. मुंबईत झाले, इथे येऊन सीपीए केलं. आणि या खेळात सॅलरी कॅप आहे. म्हणजे प्रत्येक टीमला खेळाडूंवर ठराविकच रक्कम मोजता येते, आणि प्रत्येक खेळाडूचा आकडा जगजाहीर असतो. मला तर मेजवानीच. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, हा झाला कॅपवरचा आकडा. प्रत्यक्ष रोख मात्र सायनिंग बोनस म्हणून आधीच मोठ्या प्रमाणात गेलेली असू शकते. खर्च एका वर्षी, पैसे दुसऱ्या वर्षी. आपलं रोजचंच काम!

लीफ्सने २०१८ आणि २०१९ मध्ये चार फॉरवर्डशी मोठे करार केले. जॉन तावारेस वर्षाला ११ मिलियन, ऑस्टन मॅथ्यूज ११.६, मिच मार्नर १०.९, विल्यम नायलँडर जवळपास ७. बेरीज साधारण ४०.५ मिलियन. कॅप होती ८१.५. चार माणसांत निम्मं बजेट! हे मी फ्रिजवर कागद लावून घरात समजावलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक चुकलेल्या पासमागे एक वाक्य यायला लागलं: "याचे १०.९ मिलियन?"

आता हिशेबनीस म्हणून एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा घरात सांगितली नाही. हे करार झाले तेव्हा कॅप दरवर्षी वाढत जाईल असं सगळे धरून चालले होते. कॅप लीगच्या उत्पन्नावर ठरते. २०२० मध्ये कोविड आला, स्टेडियम रिकामी पडली, आणि कॅप तीन सीझन ८१.५ वरच अडकून राहिली. मग ८२.५, मग ८३.५. मार्नरचा आकडा तेव्हा कॅपच्या तेरा टक्क्यांहून जास्त होता. तोच आकडा २०२५-२६ च्या ९५.५ मिलियनच्या कॅपवर ठेवा, साडेअकरा टक्केही भरत नाही. माणूस तोच, खेळ तोच, करार तोच; फक्त खालचा भाजक अडकला आणि तो "महाग" झाला. करारावर सही करणारं मॅनेजमेंट होतं. जोखीम त्यांनी घेतली होती. शिव्या कोणी खाल्ल्या?

२०२४-२५ च्या सीझनमध्ये मार्नरने १०२ पॉइंट केले. प्लेऑफमध्ये १३ सामन्यांत १३. फ्लोरिडाविरुद्ध लीफ्स २-० ने पुढे होते आणि मालिका ४-३ ने हरले. पाचवा आणि सातवा, दोन्ही सामने घरच्या मैदानावर ६-१. रविवार, १८ मे. सातवा सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. स्वतःच्याच लोकांची हुर्यो ऐकली. १९६७ पासून कप नाही, लोकांचा जीव जळतो हे मला मान्य आहे. तिकिटाला माणूस घरखर्चातले पैसे काढून देतो. एवढा पगार घेणाऱ्याला प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि निर्णायक सामन्यात मार्नर दिसला नाही, हेही खरं. पण नंतर त्यानेच सांगितलं की त्याच्या घराचा पत्ता लोकांनी पसरवला आणि घरी पहारा ठेवावा लागला. टोरंटोच्याच परिसरात वाढलेला मुलगा तो. त्या उन्हाळ्यात तो वेगासला गेला, वर्षाला १२ मिलियनवर. आमच्या घरात नवरा म्हणाला, "बरं झालं, कॅप मोकळी झाली." मीही मान हलवली.

मार्नर गेला, आमची सवय गेली नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मुलगा आता बारा वर्षांचा, त्या वर्षी पहिल्यांदाच रेप टीममध्ये निवडला गेला होता. रेप टीम काय भानगड असते ते इथल्या हॉकीवाल्या पालकांना माहीत आहे. फी, टूर्नामेंट, हॉटेल, दर सहा महिन्यांनी छोटे होणारे स्केट्स, वर पॉवर स्केटिंगचा वेगळा क्लास. त्या सकाळी कोचने त्याला चौथ्या लाइनवर टाकलं आणि तिसऱ्या पीरियडमध्ये जेमतेम दोनदा उतरवलं. घरी येताना गाडीत नवऱ्याने पोस्टमॉर्टेम सुरू केलं. बॅकचेक नाही, पक हातात आला की घाबरतोस, वगैरे. मग मी तोंड उघडलं. मी काय म्हणाले ते शब्दशः लिहिते, लाज वाटते तरी. मी म्हणाले, "या सीझनला आपण किती खर्च केलाय माहितीये? भागिले आईस टाइम केलं तर मिनिटाला किती पडतं, सांगू?"

गाडीत शांतता. हायवेला लागल्यावर मागून आवाज आला.

"आई, मी ओव्हरपेड आहे का?"

तो चिडला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. त्याला माणूस मोजायची जी पद्धत आम्ही सोफ्यावर बसून पाच-सहा वर्षं शिकवली, ती त्याने स्वतःला लावून पाहिली होती. नवऱ्याने आरशात पाहिलं, मी खिडकीबाहेर. मी "नाही रे राजा" म्हणाले, पण ते उशिरा म्हणाले, आणि त्याला ते कळलं.

म्हणून मला जे म्हणायचंय ते एवढंच. लाइनअपवर भांडा, जोरात भांडा. पण मुलांसमोर भांडताना निर्णयावर भांडा, माणसाच्या किमतीवर नको. "याला पॉवर प्लेला का उतरवलं?" हा प्रश्न झाला. "मॅनेजमेंटने चौघांत निम्मं बजेट का घातलं?" हाही झाला, आणि उत्तम झाला. "हा एवढ्या पैशांच्या लायकीचा आहे का?" हे ऐकून मूल खेळ शिकत नाही, ते शिकतं की प्रेम आणि पगार एकाच कॉलममध्ये लिहितात.

आपल्याला तर जास्तच जपायला हवं. आपण देश सोडून आलो तेच हिशेब करून. इमिग्रेशनचे पॉइंट मोजले, डिग्रीची किंमत मोजली, आईवडिलांना मागे ठेवल्याची किंमत अजून मोजतोय. "आम्ही तुमच्यासाठी एवढं सोडून आलो" हे वाक्य किती घरांत म्हटलं जातं, हात वर करा! तो आपल्या मुलांच्या डोक्यावरचा सायनिंग बोनस आहे. त्यांनी न मागितलेला, न सही केलेला. मार्नरने निदान स्वतःच्या करारावर सही तरी केली होती.

आम्ही काय बदललं? फार नाही. रिंकवरून घरी येताना गाडीत त्याच्या खेळावर बोलायचं नाही, त्याने काढलं तरच. फ्रिजवरचा कागद मी काढला. लीफ्सवर मात्र रोज भांडतो. तावारेस २०२५ मध्ये ११ वरून ४.४ मिलियनच्या करारावर राहिला, तर तो आता "स्वस्त" म्हणून गोड वाटतो का, यावर तर बापलेकांचं मोठं जुंपतं. मी ऐकते. "वर्थ" शब्द आला की मी खोकते.

सगळं छान झालं असं नाही. पुढच्या वर्षी रेपच्या ट्रायआउटला जायचं नाही, हाऊस लीगच खेळायचंय, असं त्याने सांगितलंय. मला अजून पोटात तुटतं, आणि त्यात भरलेल्या फीचाही थोडा वाटा आहे, खोटं कशाला बोलू. गेलेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे मी क्लायंटना वीस वर्षं सांगत आले. स्वतःच्या पोराच्या बाबतीत शिकतेय.

मागच्या शनिवारी हाऊस लीगमधल्या मित्रांबरोबर मोकळ्या रिंकवर खेळून आला. गाडीत बसला आणि घरापर्यंत बडबडत होता. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

तुमच्या गाडीत काय बोललं जातं? आठवून बघा, आणि जमलं तर खाली लिहा. मी वाचीन, ऑडिट करणार नाही.