चौविहार, पेस्ट आणि बोअरचं पाणी



पेस्ट घेताना आपण आधी हिरवा ठिपका शोधतो, तो शोधायलाच हवा. पण त्याच खोक्यावर फ्लोराइड किती पीपीएम आहे हेही छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. हल्ली तर ‘फ्लोराइड नाही’ असं लिहिलेली पेस्ट जास्त शुद्ध समजून घेतली जाते. मला हे पटत नाही.

तोंडात राहिलेल्या गोडाचं आणि पिठाचं आम्ल होतं आणि ते दाताचं कवच झिजवतं. ती झीज लाळ भरून काढते, फ्लोराइड असेल तर ती भर पक्की बसते. हे काम दातावर होतं, त्यासाठी ते गिळायचं नसतं.

जास्त फ्लोराइडचा त्रास खराच आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं-सांधे आखडतात. पण हिशेब मांडून बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएमला परवानगी आहे, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये साधारण पाव मिलिग्रॅम, तेही थुंकून टाकायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. असं दीडचं पाणी तीन लिटर प्यालं तर साडेचार मिलिग्रॅम थेट पोटात! आणि आपण घाबरतो पेस्टला.

आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून पितात. जीवदयेसाठी ते योग्यच. पण उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. पाथर्डी, पारनेरकडे उन्हाळ्यात ज्यांची सगळी भिस्त बोअरवर असते, त्यांनी एकदा भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं. जास्त निघालं तर आरओने कमी होतं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी-चुन्याची पद्धत काढली आहे, पण तिला मोजमाप लागतं. घरी अंदाजाने तुरटी फिरवून भागत नाही.

आता नेहमीचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात रात्री ब्रश करा, मग चौविहार असेल तर? अहो, सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की लगेच करा. त्यानंतर नवकारसीपर्यंत तोंडात काही जात नाही. झोपेत लाळ कमी सुटते, अशा वेळी तोंड रिकामं असणं दातांना फारच चांगलं. नंतर भराभर चुळा भरू नका, पेस्ट फक्त थुंका, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. पेस्टचा अंश तोंडात राहिला तर पच्चक्खाणाला बाधा येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी सूर्यास्ताआधी एक चूळ भरावी आणि महासतीजींना विचारून घ्यावं. एका चुळीने सगळा फायदा धुऊन जात नाही. घरातली जी मुलं रात्री दूध-बिस्किटं खातात त्यांचा ब्रश मात्र झोपतानाच हवा, आपल्याबरोबर संध्याकाळी उरकून चालणार नाही.

तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, ती त्यांच्या विक्रीसाठी. पेस्ट ब्रशवर आपणच लावून द्यायची. स्ट्रॉबेरीच्या चवीची ट्यूब तर वरच्या फळीवरच ठेवा, नातवंडं ती चाटून संपवतात.