अपरिग्रह म्हणजे स्वस्त इस्त्री नव्हे



घरी शिवणाऱ्या आपल्या बायकांत दोन मते घट्ट बसली आहेत. चांगल्या इस्त्रीवर पैसे घालणे म्हणजे हौस, आणि वाफेची इस्त्री म्हणजे पाण्यातल्या जीवांची हिंसा. मला दोन्ही मान्य नाहीत.

शिवण मारली की ती दाबावी लागते, नाहीतर ब्लाउज घरचा दिसतो. सुती कापडाला सुमारे 200 अंश उष्णता आणि ओलावा हवा. शिवणीवर इस्त्री घासायची नसते, उचलून ठेवायची असते. म्हणून ती जरा जड हवी, टोक निमुळते हवे आणि वाफ बंद करायची सोय हवी. दुकानदार वॅट सांगतो. तुम्ही हातात उचलून बघा.

आता हिशेब. समजा 800 रुपयांची इस्त्री दोन वर्षांत गळू लागली आणि 2,400 ची दहा वर्षे चालली. दहा वर्षांत स्वस्तातल्या पाच, म्हणजे 4,000 रुपये, आणि पाचही भंगारात. याला अपरिग्रह म्हणायचे?

राहिले पाणी. ओला फडका आणि पिचकारी काय पाण्याशिवाय चालतात? खरा दोष टाकीत दिवसेंदिवस साचू दिलेल्या पाण्याचा. गाळलेले पाणी लागेल तेवढेच भरा, काम संपले की टाकी रिकामी करा. क्षारही कमी धरतील. यत्नाचार तो हाच. वस्तू नाकारली की धर्म पाळला, इतके ते सोपे नाही.