नाव घेऊन मारलेली हाक

'तोकिमेकी मेमोरियल' या जपानी खेळमालिकेतला सगळ्यांत चांगला भाग कोणता, असं विचारलं की जाणकार मंडळी डोळे झाकून दुसऱ्या भागाकडे बोट दाखवतात. कारण काय, तर त्यात नायिका आपलं नाव घेऊन हाक मारते! मला हे कारणच मान्य नाही. का, ते सांगतो.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोनामी कंपनीनं पहिला भाग २७ मे १९९४ रोजी पीसी इंजिन या यंत्रासाठी काढला. आपण किरामेकी हायस्कूलचे विद्यार्थी, हातात तीन वर्षं. दर आठवड्याला ठरवायचं: विज्ञान, कला, व्यायाम की विश्रांती. त्याप्रमाणे आपले गुण आकड्यांत वाढतात नि घटतात. अति केलं तर ताण वाढून आजारपण येतं. शाळेत एक झाड आहे. शाळा संपण्याच्या दिवशी त्याखाली मुलीनं प्रेम व्यक्त केलं तर ती जोडी कायम सुखी होते, अशी आख्यायिका. म्हणजे बोलायचं मुलीनं. आपण लायक व्हायचं आणि वाट पाहायची.

"प्रेम काय आकड्यांनी मोजतात?" असं म्हणून आपल्यातलं कुणी नाक मुरडलं की मला हसू येतं. छत्तीस गुणांची पत्रिका जुळवल्याशिवाय मुलगी पाहायला न जाणारे आपण! आणि आपले ते गुण जन्मवेळेनंच ठरलेले. इथले निदान आठवड्याच्या आठवड्याला कमवावे तरी लागतात.

आता पहिल्या भागाचं खरं मर्म. शिओरी फुजिसाकी ही बालमैत्रीण. सोबत घरी जाऊया म्हटलं तर लोक काय म्हणतील म्हणून नकार देणारी. तिच्यासाठी जवळजवळ सगळेच गुण वर न्यावे लागतात. पण गुण वाढले की इतर मुलींशीही ओळखी होतात. ओळख झालेल्या मुलीकडे दुर्लक्ष केलंत तर तिच्या नावाशी बॉम्ब उमटतो. तो फुटला की आपली बदनामी होते आणि बाकीच्याही दुरावतात. कचेरीत एक फाइल पुढे सरकवली की दहा मागे राहतात, हे मी रोज पाहतो. या खेळानं तेच माणसांच्या बाबतीत सांगितलं. एका माणसाला दिलेला आठवडा दुसऱ्याला देता येत नाही, आणि ज्याला दिला नाही तो दुखावतो.

दुसरा भाग २५ नोव्हेंबर १९९९ रोजी प्लेस्टेशनवर आला, तब्बल पाच सीडींचा. सुरुवातीला बालपणाचे दिवस, हिकारी हिनोमोतो ही बालमैत्रीण, आणि तो नाव घेणारा आवाज. भाग उत्तम आहे, नाही कोण म्हणतो? पण तो उत्तम आहे तो आतला जुना हिशेब शाबूत आहे म्हणून. नाव घेऊन हाक तर कोर्टाचा पट्टेवालाही मारतो!

पुरावा हवा? २० डिसेंबर २००१ रोजी तिसरा भाग आला. नवं यंत्र, त्रिमितीत हलणाऱ्या नायिका, नाव घेणारा आवाजही होताच. खर्चासाठी सामान्य लोकांकडून गुंतवणूक गोळा केलेली. त्यानंतर चौथ्या भागाला डिसेंबर २००९ उजाडावा लागला, आणि तो परत गेला कुठे? त्याच किरामेकीत, त्याच झाडाखाली! उलट त्याच गुंतवणुकीतून जून २००२ मध्ये 'गर्ल्स साइड' निघाला. त्यात खेळणारी मुलगी, समोर मुलगे. बाकी आठवड्यांचा हिशेब तोच. त्या शाखेचा चौथा भाग २०२१ मध्येही आला. बाजू उलटली तरी हिशेब टिकला, कारण जीव त्यातच होता.

हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयालाही पटलं म्हणायला हरकत नाही. सुरुवातीपासूनच गुण भरमसाट वाढवलेली एक मेमरी कार्डं तिथं विकली जात होती. म्हणजे कष्ट न करता शिओरी! १३ फेब्रुवारी २००१ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की यामुळे खेळाची कथाच बदलते आणि कर्त्याच्या हक्काचा भंग होतो. चित्रं तीच, संवाद तेच, गाणी तीच. बदलले होते फक्त आकडे. तरीही कथा बदलली. आकड्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

तुम्ही म्हणाल, जुन्या जपानी खेळावरून एवढी डोकेफोड कशाला? तर आज हातातला फोनसुद्धा नाव घेऊन आपल्याशी गोड बोलतो. त्याला आपला एकही आठवडा नको असतो. आपण सहा महिने फिरकलो नाही तरी तो दुखावत नाही, आणि आपण चांगले झालो काय, वाईट झालो काय, त्याला सारखंच. या आपुलकीची सवय झालेल्या मुलांना खरी माणसं जड जाणार नाहीत तर काय होईल?

मे २०२५ मध्ये कोनामीनं पहिलाच भाग नव्या रूपात स्विच यंत्रावर पुन्हा काढला. माझं मत मागाल तर पहिला नंबर त्याचाच. मूळ भागातली शिओरी तुमचं नाव घेत नाही. ती तुम्ही आठवडे कसे घालवले ते पाहते.