पन्हाळ्यावर झाडे लावणाऱ्यांनो, मृगाआधी एवढे ठरवा

पन्हाळगडावर आणि गडाच्या उतारावर ज्यांची घरे, बंगले, शाळा, लॉज, हॉटेले आहेत, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. मृग तोंडावर आला. थोड्याच दिवसांत कोल्हापूरच्या रोपवाटिकांतून टेम्पो भरभरून रोपे आणि लॉनच्या गुंडाळ्या वर येतील. एकदा रोप जमिनीत गेले की त्याची तहान वर्षानुवर्षे आपल्या गळ्यात पडते. म्हणून मागणी नोंदवण्याआधीच ठरवा: यंदा नवे लॉन नको, आणि दिवसाआड पाणी मागणारे एकही झाड नको.

साधा हिशेब करा. भर उन्हाळ्यात लॉन हिरवे राखायचे तर चौरस मीटरला रोज साधारण ४ ते ५ लिटर पाणी लागते. म्हणजे गुंठाभर लॉनला रोज ४०० ते ५०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी १३५ लिटर धरतात. तीन माणसांचे पाणी एका गुंठ्यातले गवत पिऊन टाकते, आणि तेही खालून पंपाने गडावर चढवलेले. ११ जुलै २०२५ रोजी पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. पाहुणे वाढणार, नवी बांधकामे होणार आणि प्रत्येकाला दारापुढे बाग हवीशी वाटणार. बाग जरूर करा. पण ती कशाची करायची, हे आत्ता ठरले नाही तर मागाहून प्रत्येक उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागेल.

१६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पावसाळ्यापर्यंत पडून होता. तो सगळा उन्हाळा गडाने आपल्याच विहिरी-तळ्यांवर काढला. त्या गडावर आपण पाणी इतक्या सहज उधळावे, हे मनाला पटत नाही.

आता जमिनीचे. मे महिन्यात इथे खड्डा काढून बघा. बऱ्याच ठिकाणी वीतभर तांबडी माती लागते आणि मग पहार जांभ्यावर आदळते. बादलीभर पाणी ओतले तर भेगांतून आणि दगडाच्या भोकांतून बघता बघता नाहीसे होते. जुलैत तोच खड्डा काठोकाठ भरलेला असतो. दिवसेंदिवस ऊन नाही, धुके हटत नाही, वारा फांद्या पिळवटून काढतो. म्हणून ‘कमी पाण्याची झाडे’ म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नका. निवडुंग, लॅव्हेंडर, रोझमेरी यांना कोरडेपणा चालतो, पण आपला पावसाळा सोसत नाही, मुळे कुजतात. पन्हाळ्याला झाड हवे ते चार महिने भिजणारे आणि उरलेले आठ महिने कोरडे काढणारे.

अशी झाडे आपल्या कडेकपारीत उभीच आहेत. कुंपणाला करवंद लावा: काटेरी, चिवट, वर उन्हाळ्यात जाळीभर फळ. दगडाळ कोपऱ्यात अंजनी लावा. तिची पाने बारमाही हिरवीगार असतात आणि बहर आला की फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात. धायटी उतारावर माती धरून ठेवते आणि तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. निर्गुडी आणि अडुळसा यांना गुरे तोंड लावत नाहीत. सावलीला आणि शोभेला बहावा, कुडा, जांभूळ. पावसाळी रंग हवा तर तेरडा एकदा पेरा, पुढच्या वर्षी तो आपणहून उगवतो. देवपूजेला जास्वंद-मोगरा हवाच. तो भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगेल एवढाच ठेवा. कळलावी देखणी आहे, पण तिचा कंद जहरी. लहान मुले असतील त्या घरी ती नको.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. यातले काहीही मसाई पठारावरून किंवा जंगलातून उपटून आणू नका. पठारावरची रानफुले त्या पातळ मातीतच तगतात. कंद खणून आणले की बागेतही ती मरतात आणि पठारही उघडे पडते. रोपवाटिकेतून किंवा बियांपासूनच रोपे घ्या.

ज्यांच्याकडे आधीच लॉन आहे त्यांनी ते उखडायची घाई करू नये. फक्त पाणी तोडा. पावसात गवत आपोआप हिरवे होईल, मार्चमध्ये पिवळे पडेल. पन्हाळ्याचा उन्हाळा असाच असतो, पाहुण्यांनाही तो तसा दिसू द्या. दिवाळीनंतर आवारातले वाळलेले रानगवत कापून रोपांच्या बुंध्याशी पसरा. वणव्याचे भय कमी होते आणि ओल टिकते. पालापाचोळा जाळू नका.

पहिला उन्हाळा मात्र रोपाला जपावेच लागते. त्यासाठी कुंभाराकडचे रंग न दिलेले, झिलई नसलेले मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. पाणी झिरपत थेट मुळांशी जाते. मडके रिकामे झाले की पुन्हा भरायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आणा, तिसऱ्यात बंद करा.

तटाजवळ, बुरुजांवर, बावडीच्या काठी कोणीही हौसेने झाड लावू नये. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे चिऱ्यांच्या सांध्यात शिरली की भिंत फुटते. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय संरक्षित जागेत कुदळ मारू नका.

रोपवाटिका चालवणाऱ्यांनाही विनंती: करवंद, अंजनी, धायटी यांची रोपे दर्शनी भागात मांडा. गिऱ्हाईक मागत नाही, कारण त्याला ती दिसतच नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या बागेत पश्चिम घाटातली दुर्मिळ झाडे जपली आहेत. काय कुठे तगेल, हे तिथल्या जाणकारांना विचारा.

आणि शाळांनी आजच एक काम सुरू करावे. सध्या करवंदे, जांभळे पिकली आहेत. मुलांनी ती खाऊन बिया धुऊन आणाव्यात आणि त्याच दिवशी माती-शेणखताच्या पिशवीत पेराव्यात. या बिया वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. पाऊस नीट बसला की निर्गुडीच्या बोटभर जाडीच्या फांद्या छाटून उतारावर खोचा. या बागेला टेम्पोही लागत नाही आणि पैसाही.